परभणीच्या गच्चीवरून विमानं आणि उपग्रह: आधी मूठ आणि घड्याळ, पेटी नंतर

प्रश्न थोडक्यात असा: परभणीत तिसऱ्या मजल्यावर मोकळी गच्ची आहे. दिवसभर वरून विमानं जातात. त्यातली बरीच फोनवरच्या ॲपमध्ये दिसतात, पण कधीकधी आवाज येतो आणि ॲपवर काहीच नसतं. रात्री न लुकलुकणारे ठिपकेही सरकताना दिसतात. स्वतःचा रिसीव्हर बसवायचा आहे, हातात सहा हजार रुपये आहेत. त्यात विमानं आणि उपग्रह दोन्ही जमतील का, आणि सुरुवात कुठून करावी?

जमतील. पण ते सहा हजार अजून महिनाभर खिशातच राहू द्या.

माझी पार्श्वभूमी आधी सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. नांदेडात बावीस वर्षं मी केबल आणि डिश बसवायचा धंदा केला. आमच्या धंद्यात उपग्रह म्हणजे न हलणारी वस्तू. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून आग्नेयेला, जमिनीपासून साधारण ६१ अंशांवर. डिश तिकडे वळवायची, मीटरवर सिग्नल बघायचा, नट आवळायचा, पैसे घेऊन खाली उतरायचं. ३५,७८६ किलोमीटरवरची ती वस्तू पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून आपल्याला जागची हललेली दिसत नाही. हलणाऱ्या गोष्टींचा नाद मला पुढे लागला, आणि पहिल्या वर्षात मी ज्या चुका केल्या त्या सगळ्या गच्चीवरच्या होत्या. अँटेना, तार, जोडणी, घड्याळ. आकाशात चूक एकदाही सापडली नाही.

आता मूठ. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलं की कुठलीही वस्तू किती उंचावर आहे हे कळतं. मोठं विमान ३५ हजार फुटांवर, म्हणजे १०.७ किलोमीटर उंचीवर उडतं. ते तुम्हाला पूर्वेला बरोबर एक मूठ वर दिसलं, तर जमिनीवर ते तुमच्यापासून ५८ किलोमीटर लांब आहे. म्हणजेच ते माझ्या डोक्यावर, नांदेडावर आहे. तीन मुठी वर दिसलं तर अठरा किलोमीटर. हा हिशोब आठवडाभर करा. डोळा असा बसतो की पुढे यंत्र चुकीचं काही दाखवायला लागलं तर लगेच खटकतं.

आवाजाचं कोडंही इथेच सुटतं. डोक्यावरच्या विमानाचा आवाज खाली पोचायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात विमान आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाज येतो तिकडे बघाल तर रिकामं आकाश दिसेल. आवाजाच्या पुढे, विमान जात असेल त्या दिशेला बघायचं. ‘ॲपवर काहीच नाही’ अशा तक्रारींतल्या काही तक्रारी एवढ्याशाच असतात. उरलेल्यांकडे पुढे येतो.

दिवसा काय दिसणार? नकाशावर दिल्ली आणि बंगळूरु यांना जोडणारी सरळ रेघ ओढा, ती नांदेडच्या अगदी जवळून जाते. विमानं काही फूटपट्टीने आखल्यासारखी उडत नाहीत, त्यांचे ठरलेले हवाई मार्ग असतात. तरी उत्तर-दक्षिण जाणारी बरीच वर्दळ तुम्हाला पूर्वेला, एक ते दोन मुठींवर दिसणार. मुंबई-नागपूर तुमच्या उत्तरेकडून जाईल, मुंबई-हैदराबाद बरीच दक्षिणेकडून. आपल्याकडे उतरणारी विमानं बोटांवर मोजण्याइतकी. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली उड्डाणं झाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, तेव्हा आमच्याकडे विमान बघायला माणसं कुंपणाशी जमली होती. बाकी आपण रस्त्याकडेच्या गावासारखे: गाड्या धडधडत जातात, थांबत नाहीत. ट्रॅकिंग करणाऱ्याला हे सोयीचंच आहे. मुंबईत राहणाऱ्याच्या पडद्यावर सगळी गर्दी एकाच ठिकाणी चढत-उतरत असते. आपल्याला लांबच लांब सरळ रेघा मिळतात.

रात्रीचं सोपं. लुकलुकतं, लाल-हिरवं दिसतं ते विमान. एकसारखा पांढरा प्रकाश, आवाज नाही, तीन ते सहा मिनिटांत आकाश ओलांडतो तो उपग्रह. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार झालेला असतो, पण त्याच्या उंचीवर अजून ऊन असतं, तेच ऊन आपल्याला दिसतं. म्हणून सूर्यास्तानंतरचा दीड-दोन तास आणि पहाटेचा तेवढाच वेळ कामाचा. मध्यरात्री बहुतेक खालचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. काही वेळा चालता चालता मध्यावरच ठिपका फिका होत नाहीसा होतो, तोही सावलीत शिरलेला. पहिल्यांदा हे बघणारा माणूस हमखास म्हणतो, “अरे, विझला की!”

आता यंत्र. विमानांसाठी ऐकायचं ते १०९० मेगाहर्ट्झवर. विमान स्वतःचं स्थान उपग्रहांवरून काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा ते ओरडून सांगतं. सोबत उंची, वेग, फ्लाइटचं नाव आणि त्या विमानाचा कायमचा २४ बिटांचा क्रमांक. याला एडीएस-बी म्हणतात. एक संदेश ११२ बिटांचा, हवेत जेमतेम १२० मायक्रोसेकंद. कुलूप नाही, संकेतशब्द नाही. ज्याच्याकडे अँटेना त्याने ऐकावं अशीच ती रचना आहे, कारण इतर विमानांनीही ऐकायचं असतं.

मग ॲप असताना आपली पेटी, म्हणजे स्वतःचा रिसीव्हर, कशाला? तर ॲपवरची विमानंही अशाच कुणाच्या तरी गच्चीवरून आलेली असतात. रेडिओ लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. किती लांबचं ऐकू येईल याचं सोपं गणित: अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ अधिक विमानाच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये, त्याला ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. तुमची अँटेना १० मीटरवर आणि विमान ३५ हजार फुटांवर असेल तर ४३८ किलोमीटर येतं. पण उलटं करून बघा. हैदराबादचा विमानतळ नांदेडपासून २४५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे २० मीटर उंच अँटेना असली तरी तिला नांदेडवरचं जे विमान तीन हजार मीटरच्या, म्हणजे जवळपास दहा हजार फुटांच्या खाली आलं ते ऐकू येत नाही. मध्ये पृथ्वीचाच उंचवटा. म्हणून नांदेडला उतरणारं विमान ॲपवर वाटेतच गडप होतं. जवळपास कुणाची पेटी नसेल तर खालची विमानं, हेलिकॉप्टरं कुणालाच दिसत नाहीत. ज्या विमानात एडीएस-बी नाही, नुसताच जुना ट्रान्सपॉन्डर (जागा न सांगता क्रमांक आणि उंची कळवणारं यंत्र) आहे, त्याची जागा काढायला निदान चार पेट्यांनी एकच संदेश ऐकून वेळेतला फरक मोजावा लागतो. पुण्या-मुंबईत चार पेट्या सहज असतात, मराठवाड्यात त्या जुळवून आणणं कठीण. तुमची ॲपवरची रिकामी जागा ती हीच. तुमची पेटी लागली की परभणीच्या आसपासची खालची हवा पहिल्यांदा उजेडात येईल, आणि हे काम सहा हजारांत होतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पेटी म्हणजे यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात टीव्ही बघण्यासाठी निघालेली चिप, हौशी लोकांनी तिला हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायला लावलं. स्वस्तातलेही मिळतात, पण ते तापतात आणि फ्रिक्वेन्सी सरकते. धातूच्या डबीतला, नीट तापमान सांभाळणारा घ्या. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, नंतर. घरात जुना लॅपटॉप धूळ खात असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि संदेश उलगडणारं रीडएसबी किंवा डंप१०९० चालवा, नकाशासाठी टार१०९०. सगळं फुकट आहे. लॅपटॉपचा आणखी एक फायदा: त्याला बॅटरी असते. आपल्याकडे वीज जाते-येते त्यात पायचं मेमरी कार्ड बिघडतं, माझी तीन गेली.

अँटेना विकत घेऊ नका, निदान पहिली. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ६.९. केबलवाल्याकडून आरजी-६ वायर, दोन एफ कनेक्टर आणि एक जॉइंटर आणा. जॉइंटर म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडायचा दोन्ही बाजूंनी आट्या असलेला तो छोटा पितळी तुकडा. आरजी-६चा एक वीतभर तुकडा सोलून त्याची मधली कडक तार काढा. ती जॉइंटरच्या एका तोंडात खुपसा आणि बाहेर बरोबर ६.९ सेंटिमीटर उरेल अशी पक्कडीने कापा. जॉइंटरच्या बुडाशी एक मोठा वॉशर नटाने आवळा आणि त्या वॉशरला तांब्याच्या सात-सात सेंटिमीटरच्या चार तारा डाख देऊन लावा, चारी दिशांना, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. छत्रीच्या काड्यांसारख्या. दुसऱ्या तोंडाला खाली जाणारी वायर. झाली अँटेना. इथे एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही: त्या तारा थेट वायरच्या जाळीला डाखायचा प्रयत्न करू नका. आरजी-६ची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला साधा डाख धरत नाही. अर्धा तास घाम गाळाल आणि वायर वितळवून बसाल. म्हणून वॉशर.

वायर ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, चालेल का, हे बरेच जण विचारतात. चालेल, त्यात जाणारं नुकसान नगण्य. खरं नुकसान डोंगलबरोबर येणाऱ्या बारीक काळ्या वायरीत असतं. ती या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. दहा मीटर ओढलीत तर सिग्नलचा दहावा हिस्सा खाली पोचतो. आरजी-६ तेवढ्याच लांबीत दोनेक डेसिबल खाते. अँटेना टाकीपेक्षा वर, पाइपाच्या टोकाला. उंचीचा एकेक मीटर महागड्या ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त काम करतो, हे मी डिशच्या दिवसांपासून बघत आलोय.

एक फजिती सांगतो. माझी पहिली अँटेना लागली तेव्हा साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे काहीच येईना. अँटेना बदलली, वायर बदलली, डोंगलही बदलला. दोन महिने गेले. मग एका रात्री वैतागून गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवून घेतो ते, कमी केला आणि पडदा भरून गेला. दोनशे मीटरवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याचं ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं बोलणं इतकं जोरात येत होतं की बिचारा डोंगल बहिरा झाला होता. मी गेन सगळ्यात वर, ४९.६ वर ठेवला होता, ‘जास्त म्हणजे चांगलं’ या हिशोबाने. ३८.६ वर आणला आणि त्याच रात्री अडीचशे किलोमीटर गाठलं. लग्नात बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलायचं असेल तर कानाला फोन जास्त दाबून उपयोग नाही, बँडपासून लांब जावं लागतं. गेन एकेक पायरी खाली आणत प्रत्येक पायरीवर निदान एक पूर्ण दिवस मोजा, कारण दुपारची आणि पहाटेची वर्दळ सारखी नसते. तरी नाही भागलं तर बाकीच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा १०९०चा फिल्टर. तुमच्या गच्चीवरून टॉवर दिसत असेल तर फिल्टरचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

हवामान आपलं असं की उपकरणाची परीक्षाच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो, पत्र्याखालच्या डब्यात त्याहून किती तरी जास्त. रास्पबेरी पाय ८० अंशांच्या पुढे स्वतःच मंद होतो. म्हणून कॉम्प्युटर खाली घरात, वर फक्त अँटेना. पावसाळ्यात पाणी वायरीच्या आतून उतरतं. बाहेरून कनेक्टर कोरडा दिसतो, आत जाळी हिरवी-पांढरी झालेली असते. जोडाला रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. अँटेनाच्या डोक्यावर औषधाची रिकामी प्लॅस्टिक बाटली उलटी बसवा. वानरांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. पाइप जितका बारीक तितकं ते कमी चढतात, एवढंच निरीक्षण. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की वायर काढून ठेवायची, ‘बघू थोड्या वेळाने’ म्हणायचं नाही.

पडद्यावर आकडे यायला लागले की दोन गोष्टींनी गोंधळायला होतं. एक, विमान यादीत येतं पण नकाशावर येत नाही. स्थानाचे संदेश सम आणि विषम अशा दोन प्रकारांत येतात, दोन्ही हाती लागल्यावरच जागा नक्की होते. लांबच्या विमानाचा एखादाच संदेश येतो. दुसरी गोष्ट उंची. विमान सांगतं ती उंची हवेच्या दाबावरून काढलेली, सगळ्यांसाठी १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून. आपला मुलूखच समुद्रापासून साडेतीनशे-चारशे मीटर वर, त्यामुळे नांदेडच्या धावपट्टीवरून चाकं उचललेलं विमान बाराशे-तेराशे फूट दाखवतं. पावसाळ्यात दाब उतरला की तेच विमान तिथूनच आणखी काहीशे फूट जास्त दाखवतं; एका हेक्टोपास्कलला तीसेक फूट धरा. माझ्या डायरीत आषाढातले आकडे वर सरकलेले दिसतात, त्यावरून दाब किती उतरला होता हे मागाहून सांगता येतं. विमानाचा सहा अक्षरी क्रमांक ८ ने सुरू होऊन ८३ पर्यंतच्या घरात असेल, म्हणजे ८००००० ते ८३एफएफएफएफ, तर ते भारतात नोंदलेलं. बाकीचे परके. रात्री उशिरा आखाताकडून पूर्वेला जाणाऱ्यांत ते भरपूर सापडतात.

आता उपग्रह. तोच डोंगल चालतो, अँटेना वेगळी. पण पहिले डोळ्यांनी अंतराळ स्थानक पकडा, कारण त्यातून वेळेची शिस्त लागते. ते ४१० किलोमीटरच्या आसपास फिरतं, दीड तासात एक फेरी, कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली. त्यामुळे आपल्यावरून कधी नैर्ऋत्येकडून ईशान्येला जातं, कधी वायव्येकडून आग्नेयेला. उगवतं नेहमी पश्चिमेच्या अंगाने. डोक्यावरून गेलं तर शुक्राइतकं तेजस्वी. तुमची मूठ इथेही कामाला येते: उत्तरेला दीड मूठ वर दिसत असेल तेव्हा ते जवळपास दिल्लीच्या डोक्यावर असतं. विमानासाठी एक मूठ म्हणजे नांदेड आणि याच्यासाठी दीड मूठ म्हणजे दिल्ली. उंचीचा फरक काय करतो ते यावरून बघा.

वेळापत्रक हेवन्स-अबव्ह या वेबसाइटवर मिळतं, किंवा सेलेस्ट्रॅक या वेबसाइटवरून कक्षेचे आकडे घेऊन जीप्रेडिक्ट या सॉफ्टवेअरमध्ये टाका. हे आकडे म्हणजे दोन ओळी, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. स्थानकाचा क्रमांक २५५४४. आकडे ताजे हवेत. त्या उंचीवरही विरळ हवा घासते, शिवाय स्थानक अधूनमधून इंजिन चालवून स्वतःला वर ढकलतं. आठवडाभर शिळे आकडे वापरले तर ठिपका वेळेवर येत नाही.

माझा तर पहिला कार्यक्रमच फसला, तो ध्रुवांवरून जाणाऱ्या दुसऱ्या एका उपग्रहाचा होता. शेजारच्या काकू, त्यांची नातवंडं, समोरचे गुरुजी, सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. सात वाजून दहा मिनिटं. काही नाही. सव्वासात, काही नाही. काकू म्हणाल्या, “भाऊ, पोरं उपाशी आहेत.” रात्री तपासलं तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली. १९ उत्तर, ७७ पूर्व याच्या ऐवजी ७७ उत्तर, १९ पूर्व. ती जागा स्वालबार बेटांजवळ, उत्तर ध्रुवाच्या बर्फाळ समुद्रात. मी नांदेडच्या लोकांना पांढऱ्या अस्वलांचं वेळापत्रक दाखवत होतो. दुसरी ठेवणीतली चूक म्हणजे साडेपाच तास: बरीच सॉफ्टवेअरं जागतिक वेळ दाखवतात, त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायला विसरलं की गेलं.

स्थानक एकदा दिसलं की तीन-चार दिवस ओळीने दिसेल, मग दोन-तीन आठवडे गायब. बिघडलं काही नाही. कक्षेचं प्रतल सूर्याच्या तुलनेत रोज सुमारे सहा अंश मागे सरकतं, साठेक दिवसांत एक चक्कर. त्या चक्रात काही दिवस ते संध्याकाळी येतं, काही दिवस पहाटे, बाकीचे दिवस भर दुपारी किंवा सावलीत.

रेडिओवर उपग्रह ऐकायचा तर हवामानाचे. इथे इंटरनेटवरचं जुनं साहित्य तुम्हाला फसवेल: नोआ १५, १८ आणि १९ या अमेरिकेच्या उपग्रहांची चित्रं घ्यायला सगळे सांगतात, पण ते तिन्ही २०२५ मध्ये बंद केले, १८ जूनमध्ये आणि उरलेले दोन ऑगस्टमध्ये. माझी पहिली चित्रं त्यांचीच होती, टिकटिक आवाज करत ओळ-ओळ उतरायची. आता रशियाचे मिटिऑर-एम मालिकेतले उपग्रह आहेत, १३७.९ आणि १३७.१ मेगाहर्ट्झवर. सिग्नल डिजिटल, सॅटडंप नावाचं सॉफ्टवेअर तो उलगडतं. अँटेनासाठी माळ्यावर दूरदर्शनच्या काळातला ॲल्युमिनियमचा सांगाडा पडला असेल तर त्याच्या दोन दांड्या कापा, प्रत्येकी ५३ सेंटिमीटर. इंग्रजी व्हीसारख्या, मध्ये १२० अंशांचा कोन, जमिनीला समांतर. व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. उपग्रह ध्रुवांवरून फिरतो म्हणून ही दिशा. दहा-बारा मिनिटांत चित्र पूर्ण होतं, एका ठिपक्यात साधारण एक किलोमीटर. पावसाळा संपल्यावरच्या स्वच्छ दिवशी अवरक्त पट्ट्यात पैठणचा नाथसागर काळ्या डागासारखा उठून दिसतो. पहिल्यांदा तो मला माझ्या गच्चीवरच्या दांड्यांनी आणून दिला तेव्हा मी प्रिंट काढून दुकानात लावला. गिऱ्हाईकं विचारायची, हा कुठला रोग आहे.

अंतराळ स्थानकावरून हौशी रेडिओवाल्यांसाठी १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी आवाज, कधी चित्रं येतात. येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास वर असते, जाताना तेवढीच खाली; गाडीच्या भोंग्यासारखंच. आपलाही एक हौशी उपग्रह होता, हॅमसॅट. ५ मे २००५ ला पीएसएलव्हीने सोडला आणि २०१४ पर्यंत चालला. ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. स्वतः प्रक्षेपण करायचं तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. रिसीव्हरबाबतचे दूरसंचार खात्याचे चालू नियमही खरेदीआधी वाचून घ्या. त्याच डोंगलवर वैमानिक आणि नियंत्रण कक्षाचं बोलणं ऐकता येतं. मी ते करत नाही आणि कुणाला शिकवत नाही. लष्करी विमान पडद्यावर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट गटावर टाकायचा नाही. तणावाच्या दिवसांत तर अजिबात नाही.

या नादाचा गावाला एक उपयोग होतो, तो अफवांच्या वेळी. रात्री ओळीने चाललेले पंधरा-वीस ठिपके दिसले की माझा फोन वाजतो: “ड्रोन आलेत, चोर टेहळणी करतायत.” ते बहुतेक वेळा इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह असतात. सोडल्यानंतरचे काही दिवस ते एका माळेत चालतात, मग पांगतात आणि आणखी वर जातात. घड्याळात वेळ आणि मुठीत उंची सांगितली तर मी दोन मिनिटांत सांगू शकतो. नुसतं ‘रात्री दिसलं’ म्हटलं तर नाही.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी गुढी उतरवून लोक गच्चीवरच होते, आणि पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळते तुकडे एकामागून एक सरकत गेले. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, हे मिनिटभर चाललं, म्हणजे वेग कमी, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारी माणसाची वस्तू परत येते आहे. कुणी क्षेपणास्त्र म्हणत होतं, कुणी विमान पेटलं म्हणत होतं. पेटलेल्या विमानाची शंका मी पाच मिनिटांत काढली: माझ्या पडद्यावरची सगळी विमानं आपापल्या उंचीवर शांतपणे चालली होती. पुढे कळलं, चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली.

तर तुमच्यासाठी क्रम असा धरा. महिनाभर मूठ, घड्याळ आणि वही. वेळ, दिशा, किती मुठी, लुकलुक होती की नाही, एवढंच लिहायचं. मग डोंगल आणि घरची अँटेना. उरलेल्या पैशांतून, टॉवर जवळ असेल तर फिल्टर. व्हीच्या दांड्या भंगारातून. अँटेना लागली की मला फोटो पाठवा, पण पूर्ण गच्चीचा नको. एफ कनेक्टरचा पाठवा, जवळून, टेप गुंडाळण्याच्या आधीचा.